जाम

पावसात अख्खं इंदूर येतं इथे.
महूच्या पुढे गाड्यांची रांग,
भुट्ट्यांचा धूर, पोलिसाची शिट्टी,
आणि कठड्याशी ढकलाढकली
जे दिसतच नाही ते बघायला.
धुकंच धुकं, खालून नुसता गडगडाट.

मी पौषात येते.
पौषात पाताळपाणीची धार
म्हाताऱ्या बाईच्या वेणीएवढी उरते,
आणि दरी उघडी पडते.
काळ्या दगडाचे थर, एकावर एक,
वाळून पिवळं पडलेलं शेवाळ,
पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ.
जिथे पाणी आपटत राहिलं
तिथला दगड गुळगुळीत झालाय.
बाजूच्याला अजून धार आहे.

यशोधन साताऱ्याहून आलाय.
मफलर सोडून त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "एवढंच?
आमच्याकडे असल्या दरीला नाव ठेवत नाहीत."
म्हटलं, "मग नावं तरी ठेवू नकोस."
तेवढ्यात मी म्हणून गेले, वारा फार लागून राहिलाय.
तो हसला.
"लागून राहिलाय!" मान हलवत, दोनदा.
तसंच हसतात ते सगळे.

कुमुदआत्या रामबागेतली.
अडुसष्ट साली लग्न होऊन तिकडे गेली.
पहिल्याच हिवाळ्यात सासूनं मंडईत पाठवलं
तर म्हणे, हिनं "अर्धा किलो जाम" मागितले.
माळीण बघतच राहिली.
रिकामी पिशवी घेऊन घरी आली.
पुढे चाळीस वर्षं
प्रत्येक मुंजीत, प्रत्येक डोहाळजेवणात,
पंगत उठायच्या आत कुणीतरी तो किस्सा काढायचंच.
तीही हसायची. सगळ्यांआधी.
त्यानंतर तिच्या तोंडून पेरूच.
आमच्याकडे माहेरपणाला आली
तरी पेरू.
बाबा एकदा म्हणाले, ताई, इथे कोण आहे ऐकायला?
ती म्हणाली, सवय गेली रे.

कार्तिकात गेली.
हा का आलाय, मी विचारलं नाही.
फोनवर म्हणाला होता,
आई सांगायची तो धबधबा दाखवशील का?
मी म्हटलं, आत्ता पाणी नसतं.
म्हणाला, चालेल.

कठड्याच्या टोकाला भुरीबाई बसते,
टोपलीवर ओलं फडकं,
वर्तमानपत्राच्या कपट्यात तिखटमीठ.
वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडाला
तशी तिनं तो दातात धरला,
मग सोडून हाक दिली:
"जाम लो, जाम! मीठ्ठे जाम!"

दरीनं हाक घेतली,
समोरच्या दगडावरून परत फेकली.
म्... जाम्.
यशोधनचा हात कठड्यावरच राहिला.
मला वाटलं, आता हसेल.
भुरीबाईनं पुन्हा हाक दिली.
टोपलीत हिरवे-पिवळे, एकावर डाग,
एकाला अजून पान.

"काय म्हणतेय ती?" त्यानं विचारलं,
ऐकू आलेलं असूनही.
मी सांगितलं नाही.
"मी सात-आठ वर्षांचा असेन," तो म्हणाला,
"पाहुणे आले की मी आईची नक्कल करायचो.
अर्धा किलो जाम द्या हो.
सगळे टाळ्या वाजवायचे.
मला बिस्कीट मिळायचं."

मग बराच वेळ
वेणीएवढ्या धारेचा आवाज.
इतका वेळ तो होताच की.

तो गेला टोपलीपाशी, उकिडवा बसला,
बूट धुळीत,
आणि शाळेत पाठ म्हणतात तसा म्हणाला,
"अर्धा किलो जाम."
"ले लो भैया," भुरीबाई म्हणाली,
आणि तोलू लागली.
तिला त्यात काहीच नवल नव्हतं.

परत येताना लाल तोंडाचं एक माकड
कठड्यावरून सरकत आलं
आणि त्याच्या हातातून सर्वात मोठा घेऊन पळालं.
तो ओरडला, "अगं, जाम नेला! जाम नेला माझा!"
एवढा मोठ्यानं, की दरीनंही म्हटलं.

उरलेले आम्ही गाडीत खाल्ले.
बिया दातांत अडकत होत्या.
राऊ येईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग तो म्हणाला, "काच वर घे,
वारा लागून राहिलाय."